नवा रेडिओ कागदांत अडकलाय, जुन्यावर भरवसा उरला नाही, तोवर उडवू का?

माळावरचा_बाल्सा, सांगली

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

माझा रेडिओ, म्हणजे मॉडेल विमान उडवायचा हातातला ट्रान्समीटर, २०१२ सालचा, ६ चॅनेल, २.४ गिगाहर्ट्झ. कॉलेजात असताना वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि घेतला, आजवर चार विमानं त्याच्यावर उडली. सध्याचं विमान घरीच बनवलंय, हाय विंग ट्रेनर, बाल्सा आणि प्लायवुड, पंख दीड मीटर, बॅटरीसकट वजन १.६ किलो, ३ सेलची २२०० ची लायपो बॅटरी. अख्खा पावसाळा गेला त्यात. रिब्ज, म्हणजे पंखाच्या आतल्या फळ्या, मी कापल्या आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने एकेक रिब सँडपेपरने घासून एकसारखी केली, एका रिबवर तिने पेन्सिलने स्वतःचं नाव लिहिलंय, ते आता कव्हरिंगच्या आत गेलंय. त्यामुळे हे विमान पडलं तर ते नुसतं पैशाचं नुकसान नाही हे तुम्हाला कळेल.

महिनाभरात दोन गोष्टी झाल्या. पहिली एलिव्हेटरची, म्हणजे विमानाचं नाक वर खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीची. स्टिक मधे सोडून दिली तरी एलिव्हेटर मधूनच टुचकन हलतो, मिलिमीटर दोन मिलिमीटर, ती हलवणारी छोटी मोटर, सर्व्हो, किर्र करते आणि गप्प होते. हवेत विमान मान हलवल्यासारखं करतं. दुसरी गोष्ट जास्त भीतीची. दोन आठवड्यांपूर्वी माळावर उडवत होतो, वारा नव्हताच म्हटलं तरी चालेल, चौथं की पाचवं मिनिट असेल, डावीकडे वळवलं आणि सरळ करायला गेलो तर काहीच नाही. स्टिक पूर्ण उजवीकडे दाबून धरली, विमान आपलं डावीकडे कलतंय, नाक खाली जातंय, मनात दोन तीन आकडे मोजून होईपर्यंत तसंच आणि मग एकदम ताबा परत आला. उंची होती म्हणून वाचलं. उतरवलं तेव्हा हात थरथरत होते, आणि विमानातल्या रिसीव्हरचा दिवा जो नेहमी सलग पेटलेला असतो तो हळूहळू उघडमीट करत होता. तेव्हापासून उडवलेलं नाही.

आता नव्या रेडिओचं. एलिव्हेटरचं सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, बाहेरच्या एका ऑनलाइन दुकानातून १६ चॅनेलचा मागवला होता. सात आठवडे झाले, पार्सल मुंबईत येऊन पडलंय. कुरिअरवाल्यांचा मेल आला, वायरलेस वस्तू आहे, ईटीए सर्टिफिकेट द्या. विचारलं ते कुठून आणू, तर म्हणे इम्पोर्टर तुम्हीच आहात. दुकानदार म्हणतो आमच्याकडे युरोपचं सीई आहे, अमेरिकेचं एफसीसी आहे, ह्या घ्या पीडीएफ. त्या पाठवल्या तर चालत नाहीत. मधे फोनवर एकाने सांगितलं की ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि हा ड्रोनचा रिमोट आहे. गोदामाचं भाडं रोज चढतंय ते वेगळंच.

आणि येत्या २० तारखेला गावच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिथे मैदानावर विमान उडवून दाखवायचं मी जूनमध्येच कबूल करून बसलोय, दीडशे पोरं असतील.

तर जुना सेट दुरुस्त होण्यासारखा आहे का, ते दोन तीन सेकंद रेडिओमुळे गेले की आणखी कशामुळे, पार्सल सोडवायचा काही मार्ग आहे का, आणि सर्टिफिकेट असलेला इथलाच रेडिओ घेतला तर तो जास्त भरवशाचा असतो का? म्हणजे त्या कागदाचा आणि विमान न पडण्याचा काही संबंध आहे का हे मला खरंच समजून घ्यायचंय.

---

जुना_हँगर, पुणे

तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

आधी शाळेचं. नाही उडवायचं. हेडमास्तरांना आजच फोन कर. दीड किलोचं विमान, पुढे फिरतं प्रॉपेलर, आणि समोर मुलं जी विमान आपल्याकडे येताना बघून पळत नाहीत, टाळ्या वाजवत उभी राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जे विमान एकदा ऐकेनासं झालं ते कारण सापडेपर्यंत जमिनीवर राहतं, माळ रिकामा असला तरीसुद्धा.

आता तुझी दोन लक्षणं वेगवेगळी धर, एकात एक मिसळू नकोस, बहुतेक लोक तिथेच फसतात आणि सगळा दोष सिग्नलवर टाकून मोकळे होतात.

एलिव्हेटर टुचकन हलतो ते मला तरी पॉटचं दिसतंय. स्टिकच्या बाजूला पॉट असतो, कार्बनच्या पट्टीवर पत्र्याची बारीक जीभ फिरते. आपल्याकडच्या जुन्या घरगुती रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर व्हायची आठवतंय? तीच खरखर तुझ्या एलिव्हेटरला होतेय. इतक्या वर्षांत स्टिक सर्वात जास्त वेळ कुठे राहिली, तर मधे, मग पट्टी झिजणार तीही मधेच. रेडिओच्या मेनूत सर्व्हो मॉनिटर असेल तो उघड, स्टिक अगदी सावकाश वर खाली कर आणि आकड्यांकडे बघ. आकडा सरकत जायला हवा. उडी मारत असेल, किंवा स्टिक सोडल्यावर दर वेळी वेगळ्या आकड्यावर थांबत असेल, तर पॉट गेला. काँटॅक्ट क्लीनर मारून चार दिवस बरा वाटेल पण तो इलाज नव्हे, बदलूनच टाक. पॉटच्या पाठीवर किती ओहमचा ते लिहिलेलं असतं, तेवढ्याचाच घे आणि दांड्याची लांबी जुळव. हल्ली नव्या रेडिओंत हॉल सेन्सरचे गिंबल, म्हणजे स्टिकच्या बैठका, येतात, लोहचुंबक आणि सेन्सर, एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे ही झीज होत नाही.

दुसरं लक्षण. दिवा उघडमीट करत होता हे तू लिहिलंस ते फार चांगलं केलंस, माझ्या मते सगळं उत्तर त्यातच आहे. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हा दिवा असं सांगतो की मला मधे वीज मिळाली नाही, मी बंद पडून परत चालू झालो. तुझ्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात बघ, ते वाक्य सापडेल. म्हणजे सिग्नल कदाचित गेलाच नव्हता, रिसीव्हरच विझला होता. साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली गेलं की पुष्कळ रिसीव्हर मान टाकतात, खड्डा क्षणभराचाच असतो पण परत जागं होऊन आपला ट्रान्समीटर शोधायला जुन्या सेटला काही सेकंद लागतात. तुझे ते दोन तीन आकडे तिथे गेले.

मग प्रश्न येतो वीज कमी का पडली. मोटरचा वेग सांभाळतो त्या तुझ्या ईएससीवरचा बीईसी, म्हणजे रिसीव्हरला आणि सर्व्होंना वीज देणारा भाग, लिनिअर आहे की स्विचिंग ते सांग. लिनिअर असेल तर हिशेब कर, बॅटरी १२ व्होल्ट, रिसीव्हरला हवेत ५, मधले ७ व्होल्ट तो उष्णता करून फेकून देतो. सर्व्होंनी १ अँपिअर ओढला तर ७ वॉट उष्णता, अंगठ्याएवढ्या तुकड्यात, तीही विमानाच्या धडाच्या आत कोंडलेली. तापला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. सर्व्हो कुठले, कधी बदललेस, हेही लिही.

जाता जाता एक सांगतो. आम्ही एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइनवर शिकलो, दोन तारा हातात, डिझेल इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल, तो वास चार दिवस शर्टाला राहायचा. पुढे ७२ मेगाहर्ट्झचे सेट आले. अमेरिकेच्या पद्धतीचे, चॅनेल ११ ते ६०, प्रत्येक सेटात आपापला क्रिस्टल. मैदानावर एका फळीवर लाकडी चिमटे लावलेले, ज्याच्या शर्टाला त्या चॅनेलचा चिमटा त्यानेच स्विच चालू करायचा. एका रविवारी माझं विमान वर आणि एका पाहुण्याने गाडीजवळ उभं राहून सहज आपला सेट चालू केला, चॅनेल तोच. विमान सरळ उसात गेलं. तो बिचारा रडला. म्हणून सांगतो, २.४ आल्यापासून दुसऱ्याच्या स्विचमुळे विमान पडणं जवळजवळ संपलं, आता पडतात ती बॅटरी, बीईसी, सैल प्लग, चिरलेली अँटेना ह्यांनी. शोधायला तिथूनच सुरवात करायची.

---

नाशिक_क्वाड, नाशिक

दादा माझं ऐका, दुरुस्ती वगैरे करत बसू नका. एक्सप्रेसएलआरएस वर या. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर जोडणारी ओपन सोर्स लिंक आहे, रिसीव्हर नखाएवढा, लिंक तुटली तरी परत इतक्या पटकन जोडते की कळत पण नाही आणि सिग्नल किती येतोय ते रेडिओच्या स्क्रीनवर दिसतं, पोरगी आकडे वाचून सांगेल तुम्हाला. माझ्याकडे ९१५ मेगाहर्ट्झचं १ वॉटचं मॉड्यूल पडून आहे एका मित्राने अमेरिकेहून आणलेलं, मी २.४ वर गेल्यामुळे वापरत नाही, फुकट देतो, मॉड्यूल बे असलेला कुठलाही सेकंडहँड रेडिओ घ्या त्याच्या पाठीला लावा आणि दोन चार किलोमीटरची काळजी सोडा. कागद बिगद कोण विचारतंय माळावर.

---

कागदवाला_मुंबई, ठाणे

मी एका छोट्या ऑफिसात मोजमापाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं आयात करायचं काम बघतो, त्यामुळे ईटीए हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकतो. रविवारी ग्लायडर उडवतो.

नाशिकवाले मित्रा, तू मनापासून देतोयस ते कळतंय पण ते मॉड्यूल ह्यांना देऊ नकोस आणि तू पण लावू नकोस. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ मोकळं आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. ते मॉड्यूल ज्या फ्रिक्वेन्सींवर उड्या मारतं त्यातल्या जवळपास निम्म्या सरळ त्यात पडतात. तू दुसऱ्याच्या फोनमध्ये घुसतोस आणि गावातले सगळे फोन तुझ्या लिंकमध्ये घुसतात, म्हणजे विमानाच्या दृष्टीनेही वाईटच. आपल्याकडे मोकळा आहे तो ८६५ चा पट्टा, २००५ साली ८६५ ते ८६७ होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला. एक्सप्रेसएलआरएसच्या सेटिंगमध्ये भारतासाठी आयएन ८६६ असा वेगळा पर्याय दिलेला आहे तो ह्याचसाठी. मात्र साध्या ट्रेनरला २.४ पुष्कळ झालं, नजरेच्या पलीकडे न्यायचंच नाहीये.

आता मूळ प्रश्न. सांगलीकर, ईटीए म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या नियमाने लायसन्सशिवाय वापरायला मोकळा झाला, अँटेनासकट ४ वॉट ईआयआरपी पर्यंत. लायसन्स लागत नाही म्हणून लोक समजतात काहीच लागत नाही, पण यंत्र त्या मर्यादेत बसतं हे त्या मॉडेलच्या नावाने मंजूर झालेलं असायला लागतं. सीई आणि एफसीसी हे तिकडचे शिक्के, ते इथे तसेच्या तसे चालत नाहीत, पण त्यांच्या मागे जो लॅबचा आरएफ टेस्ट रिपोर्ट असतो तो ईटीएच्या अर्जाला उपयोगी पडतो. अडचण अशी की हे सगळं कंपनीने किंवा इथल्या डीलरने हजार नग आणताना करायचं काम आहे. एका रेडिओसाठी एका माणसाने करायला गेलं तर खर्च आणि वेळ दोन्ही परवडत नाही.

ड्रोनबंदीचं म्हणाल तर ९ फेब्रुवारी २०२२ ला डीजीएफटीने, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाने, तयार ड्रोनची आणि सुट्या भागांच्या जुळणी संचाच्या रूपात येणाऱ्या ड्रोनची आयात बंद केली, संशोधन, संरक्षण, सुरक्षा ह्यांना सूट ठेवून. ड्रोनचे सुटे भाग त्यातून बाहेर आहेत. नुसता ट्रान्समीटर म्हणजे रेडिओ रिमोट कंट्रोलचं उपकरण, कस्टमच्या यादीत ८५२६ ९२ खाली. हे त्यांना लेखी उत्तरात शांतपणे लिहा, ड्रोनचा मुद्दा सुटेल. ईटीएचा सुटणार नाही.

म्हणून आधी दुकानदाराला एकच विचारा, ह्या मॉडेलला भारतात कुणी ईटीए घेतलाय का. घेतला असेल तर प्रत मागवा आणि नाव अक्षर न अक्षर जुळवून बघा. आमच्याकडे एकदा इन्व्हॉइसवर मॉडेलच्या नावापुढे दोन अक्षरं जास्त होती, नव्या आवृत्तीची, बाकी वस्तू तीच, तेवढ्यासाठी माल एकोणीस दिवस पडून राहिला आणि शेवटी उत्पादकाकडून दोन्ही एकच आहेत असं पत्र आणावं लागलं. ईटीए नसेलच तर आजच्या आज परत पाठवायचा अर्ज करा. गोदामाचं भाडं रेडिओच्या किमतीला जाऊन पोचेपर्यंत थांबलेली माणसं मी बघितलीत, प्रत्येकाला वाटतं पुढच्या आठवड्यात सुटेल.

आणि बॅटरी. लिथियम सेलना इथे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, वेगळी नोंदणी लागते, आयएस १६०४६. त्यामुळे पुढे कधी मागवलात तर सेलशिवायचाच घ्या आणि १८६५० चे सेल इथे चांगल्या दुकानातून घ्या.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वात आवडला. ईटीएमध्ये बघतात ते एवढंच की लहर कुठल्या पट्ट्यात जाते, किती जोराने जाते, शेजारी सांडते का. स्टिक किती वर्षं टिकेल, फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर विमानाने काय करायचं ती सोय, नीट लागतो का, रिसीव्हर विझला तर किती वेळात उठतो, ह्यातलं काहीही त्यात नाही. तरी ईटीएवाला घ्या असंच सांगेन, कारण त्याच्यामागे इथला डीलर उभा असतो, पॉट गेला तर बदलून मिळतो.

---

नाशिक_क्वाड, नाशिक

९१५ चं मला खरंच माहीत नव्हतं. लोक सर्रास वापरतात म्हणून वाटलं चालतं. मॉड्यूल पेटीत टाकलं. थँक्यू काका.

---

श्टुटगार्टचा_ग्लायडर, जर्मनी

वरचं वाचून राहवलं नाही. मूळचा कोल्हापूरचा, अकरा वर्षं इकडे आहे, इथल्या क्लबात उडवतो.

सर्टिफिकेट आणि भरवसा ह्यांचं नातं इकडे फार जवळून बघायला मिळालं. १ जानेवारी २०१५ पासून युरोपात २.४ च्या उपकरणांना ईएन ३०० ३२८ ह्या मानकाची १.८.१ आवृत्ती लागू झाली. थोडक्यात असं की १० मिलिवॉटच्या वर जायचं तर यंत्राने बोलण्याआधी कान द्यायचा, कुणी बोलत असेल तर थांबायचं, नाहीतर बोलायचा वेळ मोजून मापून ठेवायचा. वरची हद्द १०० मिलिवॉट. तुमच्याकडे ४ वॉट आणि इकडे एक दशांश वॉट, त्यामुळे एकच रेडिओ दोन फर्मवेअरमध्ये विकायला लागले, युरोपचा वेगळा आणि बाकी जगाचा वेगळा. डीएसएम२ सारखी जुनी पद्धत, जी दोनच फ्रिक्वेन्सी धरून बसायची, तिची नवी विक्री इकडे थांबली. डीएसएमएक्स उड्या मारत जाते म्हणून ती राहिली. लोकांच्या कपाटात डझनभर रिसीव्हर, आणि नवा रेडिओ घेतला तर ते त्याच्याशी बाइंड होत नाहीत, म्हणजे जोडले जात नाहीत, क्लबात त्या वर्षी दुसरा विषयच नव्हता.

ह्याचा तुम्हाला फटका कुठे बसतो ते सांगतो. गेल्या दिवाळीत एका पाहुण्यासाठी इकडून रेडिओ घेऊन गेलो. कोल्हापुरात त्याने रिसीव्हर घेऊन ठेवले होते, त्याच कंपनीचे, तोच प्रोटोकॉल. रात्री एक वाजेपर्यंत बसलो, दिवा हिरवा होईना. रेडिओत युरोपचं फर्मवेअर, रिसीव्हरमध्ये बाहेरचं. दोन्ही चांगले, दोन्ही प्रमाणित, पण एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा सांगलीकर, नवीन घ्याल तेव्हा रिसीव्हर त्याच दुकानातून घ्या आणि दुकानातच बाइंड करून दिवा बघून मगच पैसे द्या.

आणखी एक. फ्रस्काय ह्या रेडिओ कंपनीने २०२० च्या सुमारास त्यांच्या एसीसीएसटी डी१६ प्रोटोकॉलची नवी आवृत्ती आणली, कारण क्वचित एखाद वेळी रिसीव्हर बिघडलेला डेटा खरा धरून सर्व्हो भलतीकडे नेऊ शकत होता. पडताळणी कडक केली. नवं आणि जुनं एकमेकांशी जुळत नाही म्हणून रेडिओ आणि एकूणएक रिसीव्हर नव्याने फ्लॅश करावे लागले. आमच्या क्लबातल्या लोकांनी आठवडे घालवले त्यात. ते रिसीव्हर वर्षानुवर्षं रीतसर कागदांसह विकले जात होते. चाचणीत ती चूक सापडायचं कारणच नव्हतं, कारण चाचणी लहरींची होती. चूक सापडली ती उडवणाऱ्यांना, आणि कंपनीने ती मान्य करून उपाय दिला ह्याचा मला आदर आहे. म्हणून रेडिओ निवडताना मी बघतो की कंपनी चुका जाहीर करते का, फर्मवेअरसोबत काय बदललं ते लिहिते का.

उशीर इकडेही होतो. १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटी लागल्यात. आजकालच्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये फर्मवेअर बदलायला वायफाय असतं, त्यामुळे उत्पादकाला तेही तपासावं लागतं. मला हे पटतं. हवा सगळ्यांची आहे, रुग्णालयातलं वायफाय पण त्याच पट्ट्यात आहे.

---

माळावरचा_बाल्सा, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचलं आणि हेडमास्तरांना फोन केला, उडवणार नाही म्हटलं. ते म्हणाले विमान तरी आणा.

आता तपासणीचं. मॉनिटर उघडून स्टिक सावकाश फिरवली तर एलिव्हेटरचा आकडा मधोमध येऊन ० वरून एकदम ६ वर उडतो, परत ० वर, परत वजा ४ वर. बाकी तिन्ही स्टिक गुळगुळीत. पॉटच.

बीईसी. ईएससी उलटा करून भिंगातून वाचलं, लिनिअर, २ अँपिअर. आणि सर्व्हो. इथे माझंच चुकलं. चारपैकी दोन सर्व्हो ह्याच वर्षी बदललेत, आधीचे साधे अॅनालॉग होते, आता मेटल गिअरचे डिजिटल टाकले, मजबूत म्हणून. ते किती ओढतात ह्याचा विचारच केला नव्हता. प्रॉपेलर काढला, बॅटरी लावली आणि टेबलावर चारही सर्व्हो सतत घुसळत बसलो, लेक घड्याळ धरून बसली. चार मिनिटं दहा सेकंदांना रिसीव्हरचा दिवा गेला, सर्व्हो जागच्या जागी थिजले, मग दिवा आला, उघडमीट करत. हवेत पण चौथ्या पाचव्या मिनिटालाच झालं होतं. ईएससीला बोट लावलं तर ठेवता येईना. रेडिओवर मी उगाच संशय घेत होतो.

---

जुना_हँगर, पुणे

सापडलं ना. छान काम केलंस. आता वेगळा स्विचिंग बीईसी घाल, ५ अँपिअरचा, आणि ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून इन्सुलेशन कर नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी झगडतील. पॉट बदलल्यावर स्टिक नव्याने कॅलिब्रेट कर. अँटेनाची टोकं बघ, शेवटचा ३१ मिलिमीटरचा उघडा भाग आहे तीच खरी अँटेना, बाकीची नुसती केबल. दोन असतील तर काटकोनात ठेव, आणि लायपोच्या अंगाला चिकटून नको.

मग रेंज चेक, रेडिओच्या कमी ताकदीच्या मोडमध्ये, ३० पावलं. एकदा मोटर बंद, एकदा चालू. मोटर चालवताना विमान धरायला मोठा माणूस घे, लेकीला नको.

आणि फेलसेफ. तुझं विमान डावीकडे कलत राहिलं तेव्हा थ्रॉटल, म्हणजे मोटरच्या वेगाची स्टिक, कुठे होता? बीईसी गेला तेव्हा फेलसेफचा उपयोग नव्हता हे खरं, पण खरोखर सिग्नल गेला तर मोटर बंद व्हायलाच हवी. काही सेट शेवटची स्थिती धरून ठेवतात, विमान पूर्ण वेगात गावाकडे निघून जातं. तपासून लिही.

---

माळावरचा_बाल्सा, सांगली

दहा दिवसांनी लिहितोय.

पार्सल परत पाठवायचा अर्ज दिला, भाडं भरलं, दुकानदाराने वाहतूक वजा करून पैसे द्यायचं कबूल केलंय. त्या मॉडेलला इथे ईटीए नव्हताच, आधी विचारायला हवं होतं. पुण्यातल्या एका डीलरकडे आहे तसा एक, जानेवारीत घेईन, तोवर जुनाच.

पॉट इथल्याच एका जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे मिळाला, ५ किलोओहम, दांडा दोन मिलिमीटर लांब होता तो कापला. आता आकडा सरकतो आणि स्टिक सोडली की ० वरच थांबतो. स्विचिंग बीईसी घातला, पंधरा मिनिटं घुसळलं, मीटर ४.९ च्या खाली गेला नाही, हात लावला तर कोमट.

शाळेत विमान टेबलावर ठेवलं, प्रॉपेलर घरीच काढून ठेवलेला. प्रत्येक पोराला स्टिक हलवू दिली. पंखाच्या मागची पट्टी, एलेरॉन, वर गेली की पंख कुठे जाईल हे आधी सांगायचं आणि मगच हलवायचं असा नियम लेकीने केला, तीन तास रांग होती.

काल माळावर रेंज चेक केला. विमान भावाने धरलं, लेक त्याच्या शेजारी मागच्या बाजूला, मी पावलं मोजत लांब गेलो. मी स्टिक हलवायची आणि तिने ओरडून सांगायचं. वर, खाली, उजवा, डावा. तीस पावलांवर सगळं ऐकू आलं, मोटर चालू असताना पण. मग जवळ आलो, मोटर अर्ध्यावर ठेवली आणि ट्रान्समीटर बंद केला. मोटर चालूच राहिली काका. फेलसेफ इतकी वर्षं शेवटच्या स्थितीवर होता आणि मी एकदाही तपासला नव्हता. पटकन रेडिओ परत चालू करून थ्रॉटल खाली घेतला. प्रॉपेलर काढला, तिथेच बसून थ्रॉटल खाली ठेवून नव्याने बाइंड केलं. परत मोटर चालू, परत स्विच बंद. ह्या वेळी एका सेकंदात थांबली. पाच वेळा केलं, पाचही वेळा थांबली.

उडवलं नाही. संध्याकाळ झाली होती आणि वारा उठला होता. रविवारी सकाळी जाणार आहे.